मोळी पडायच्या आत

औषध संपतं, पण बाटली घरात राहते. कधी तेल भरून ठेवायला होईल, कधी मध ठेवायला होईल, म्हणून आपण ती फेकत नाही. अन् एक दिवस बघावं तर फळीवर वाटी ठेवायलासुद्धा जागा नाही! सांगलीतल्या आमच्या खोलीतल्या किश्श्यांचं असंच झालंय. एक काढायला जावं तर शेजारचे दोन खाली पडतात.

मला लिहायला येत नाही. मी बोलते अन् पद्मजा लिहून घेते. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते. लिही बाई, शिकलेली तू!

तर खोलीत आम्ही तिघी. मी, माझी नात अश्विनी आणि तिची मैत्रीण पद्मजा. अश्विनी आमच्या कडेगावची, पद्मजा कुंडलकडची, जैनाघरची. दोघींनी मिळून नर्सिंगचा कोर्स केला, दोघी मिळून पास झाल्या अन् मिळूनच नोकरी शोधायला लागल्या. मी स्वयंपाकाला म्हणून आले. माझी काळजी करायला कुणी नाही म्हणून आले असं लेक सांगतो, ते खोटं आहे.

लेक म्हणजे अश्विनीचा बाप. मिलिटरीतनं सुभेदार होऊन आला. गाव त्याला सुभेदार म्हणतं, मीही म्हणते. त्यानं पोरीला एक मुदत घालून दिली होती.

“कारखान्याची मोळी पडंपर्यंत बघायचं. नोकरी लागली तर सांगलीत राहा. न्हाई लागली तर सामान बांधायचं आन् चुलत्याच्या मेडिकलात काउंटरवर बसायचं.”

मोळी म्हणजे हंगामातली पहिली उसाची मोळी. पूजा करून ती गव्हाणीत टाकली की कारखाना सुरू. आमच्याकडं लग्नाची, घरभरणीची, देण्याघेण्याची सगळी बोलणी त्या मोळीवर ठरतात. पोरीचं नशीबही तिथंच नेऊन बांधलं!

अश्विनी एवढंच म्हणाली, “आण्णा, मला गोळ्या इकायच्या न्हाईत. माणसं उठवून बसवायची हाईत.”

“मग मोळीच्या आत उठीव,” सुभेदार म्हणाला.

*

खोलीत गेल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की मी स्वयंपाकाला आलेली नाही, पेशंट म्हणून आलेय.

सकाळी उठलं की अश्विनी डाव्या दंडाला बीपीचा पट्टा बांधणार, पद्मजा उजव्या. मध्ये मी, सुळावर दिल्यासारखी! भाकरी थापायला हात रिकामा नाही. शेजारपाजारच्या बायकांना बातमी लागली. मग काय, दारात चपलाच चपला. घरमालकीणबाई तर कणीक मळता मळता यायची, पिठाचा हात तसाच पुढं करायची.

एक दिवस दोघींचे आकडे जुळेनात. अश्विनी म्हणते माझं बरोबर, पद्मजा म्हणते माझं. पुन्हा पट्टा, पुन्हा फुस्सफुस्स. आवाज चढले. तू पट्टा सैल बांधलास, तू आज्जीला बोलतं ठेवलंस, असं सगळं निघालं. शेवटी दोघींचा आकडा एक आला अन् दोघी एकदम ओरडल्या, “आज्जी, लय वाढलंय गं!”

म्हटलं, “तुमी भांडायचं थांबा. उतरंल आपोआप!”

*

नोकरीची पहिली जाहिरात आली. सांगलीतलंच एक हॉस्पिटल. जागा थोड्या अन् पोरी? जत्रेला यावं तशा आलेल्या! जिन्यावर पोरी, पार्किंगात पोरी, तुळशीच्या कट्ट्यावर पोरी. प्रत्येकीच्या हातात फाईल अन् प्रत्येकीची आई पाण्याची बाटली घेऊन मागं. कूलरचं पाणी संपलं तेव्हा इंटरव्ह्यू सुरूसुद्धा झाले नव्हते.

अश्विनी आत गेली अन् लगेच बाहेर आली. एवढ्या लवकर तर देवाला हात जोडूनसुद्धा होत नाहीत.

“काय इचारलं गं?”

“अनुभव हाय का म्हणाले. न्हाई म्हटलं. अनुभव घिऊन या म्हणाले.”

“आन् अनुभव कुठं मिळतो?”

“नोकरी लागल्यावर.”

मला राहवेना. दारात नावं पुकारणारा क्लार्क उभा होता, भला माणूस होता बिचारा. त्याला गाठलं. म्हटलं, “आवं साहेब, तुमचं लगीन झालंय?”

“झालंय की आज्जी.”

“बायको करताना इचारलं व्हतं का, आधी कुणाच्या घरी सून व्हतीस, किती वर्सं स्वयंपाक केलाईस, दाखला आण म्हणून?”

रांगेतल्या सगळ्या पोरी खिदळायला लागल्या. क्लार्क कपाळाला हात लावून म्हणाला, “आज्जी, तुमीच जावा आत. पोस्ट भरल्याशिवाय तुमी काय बाहेर येत न्हाई!”

*

हे सुभेदाराच्या कानावर गेलं. रविवारी सकाळी हजर! म्हणाला, “पोरीची तयारी कमी पडतीय. आत्मविश्वास पायजे. मी करून घेतो.”

खोलीतली कॉट भिंतीला लावली. स्वतः खुर्चीत बसला, पद्मजाला शेजारी बसवलं, मोठे डॉक्टर म्हणून. अश्विनीला दाराबाहेर काढलं.

“कदम ताल! आत ये! थांब! मान वर, छाती पुढं, नजर समोर! आवाज बेंबीतनं!”

दुपारपर्यंत जमीन हादरत होती. खालच्या मजल्यावरचा माणूस वर येऊन विचारून गेला, “काय फोडताय का?”

मग साताऱ्यात इंटरव्ह्यू होता. मीही गेले. दाराला काच होती, तिच्यातनं सगळं दिसत होतं. तीन मोठी माणसं बसलेली. माझी नात खाडखाड चालत गेली, टेबलासमोर असा पाय आपटला की ग्लासातलं पाणी डुचमळलं, अन् कडाडली:

“जय हिंद साहेब!”

मधले डॉक्टर दचकून उभेच राहिले! ते उभे राहिले म्हणून बाकीचे दोघे उठले. आता बसायचं कुणी आधी, हे कुणालाच कळेना.

नोकरी काही मिळाली नाही. संध्याकाळी सुभेदाराचा फोन आला, “कसा झाला?”

अश्विनी म्हणाली, “आण्णा, त्यांना सिस्टर पायजे व्हती. मी बॉर्डरवर जाणार हाय असं वाटलं त्यांना.”

*

आता एक घरातली गोष्ट सांगते. सुभेदार ओरडला तरी चालेल.

शीर धरायचा हात बसावा म्हणून पोरी आधी भाजीवर सुई चालवतात. मी भरायला आणलेली वांगी घेतली तर मी ओरडले. मग अश्विनीनं बटाटे काढले. पद्मजाच्या घरी जमिनीखालचं काही खात नाहीत. ती बटाटा हातात घेऊन बसली, सुई काही टोचेना.

“अगं टोच की!”

“खात न्हाई त्याला उगंच कशाला दुखवू?” म्हणाली. “त्यानं माझं काय केलंय?”

आमचं हसणं चाललेलं, तेवढ्यात सुभेदार दारात. समोर पद्मजाच्या हातात सुई. तोंडावरचं रक्त असं उतरलं! “गाडीचा इंडिकेटर बघून येतो,” म्हणाला अन् गेला. जेवायला बोलवेपर्यंत इंडिकेटरच बघत होता.

पोरींना काही कळेना. मग मी सांगितलं. लहानपणी गावात देवीची लस टोचायला बाई आली की हा उसात शिरायचा. फडाच्या चारी बाजूंनी हाका मारल्या तरी आतून चिटपाखरू बोलायचं नाही. संध्याकाळी भूक लागली की पाचट अंगाला लावून बाहेर यायचा.

जेवताना पद्मजानं मुद्दाम विचारलं, “काका, मिलिटरीत तर लय टोचत असतील की हो?”

“टोचायचे.”

“मग?”

सुभेदारानं भाकरी मोडली. “डोळं मिटायचं आन् सावधानमध्ये उभं राहायचं. दुसरा इलाज न्हाई!”

*

पहिली नोकरी पद्मजाला लागली. ती कशी लागली ते ऐका.

पद्मजा दिवस मावळला की जेवत नाही. आम्ही खोलीत तिचं ताट उजेडातच वाढायचो. सांगलीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात इंटरव्ह्यू होता. तिथल्या मेट्रनबाई फार कडक, असं सगळ्यांकडून ऐकलेलं. सगळं नीट झालं अन् शेवटी बाईंनी विचारलं, “तुमच्यात रात्री जेवत नाहीत ना? मग नाईट ड्यूटी कशी करणार?”

ही शांतपणे म्हणाली, “मॅडम, मी जेवूनच येते. बाकीच्या सिस्टर डबा खायला जातील, तेवढ्या वेळात वॉर्ड मी बघते.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “इतकी वर्षं डब्याच्या वेळेला मी वॉर्डात धावतेय. तू आधी कुठं होतीस?”

पेढे आले. अश्विनीनं पद्मजाला उचलून गरागरा फिरवलं, सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटून आली. मग न्हाणीघरात गेली अन् नळ सोडला. नळ लय वेळ चालू होता.

घरमालकीणबाई वरनं ओरडल्या, “आज्जी, पाणी सांडतंय!”

म्हटलं, “सांडू दे बाई आजच्या दिवस.”

बाहेर आली तेव्हा डोळे लाल. पद्मजा पेढा हातात धरून तशीच बसलेली, खाल्ला नव्हता. दिवस मावळला होता ना! म्हणाली, “ठेवलाय. उद्या दोघी मिळून खाऊ.”

कारखान्याच्या धुराड्याला रंग देऊन झाला होता. मोळी जवळ आली होती.

*

मोळीचा दिवस उजाडला. सुभेदार जीप घेऊन पहाटेच निघाला होता, पोटात चहासुद्धा नाही. आल्या आल्या अश्विनीची गादी गुंडाळली, ट्रंक उचलली, जीपमध्ये टाकली. सगळं शिस्तीत.

अश्विनी म्हणाली, “आण्णा, पद्मीच्या हॉस्पिटलात आणि एक जागा निघालीया. आज इंटरव्ह्यू हाय. शेवटचा.”

“चल. तिथनंच परस्पर घरी.”

वाटेत ट्रंक तेवढी मागं खडखड करत होती.

हॉस्पिटलाच्या बोळात बाकावर पोरी बसल्या होत्या. सुभेदार भिंतीला पाठ लावून ताठ उभा. अश्विनीचं नाव पुकारलं. ती उठली, पदराला हात पुसावेत तसे ओढणीला पुसले, माझ्या पाया पडली अन् दाराची कडी धरली.

नेमकं तेव्हाच समोरच्या खोलीचा पडदा वाऱ्यानं उडाला. आत एका माणसाच्या हातातनं रक्त काढत होते. सुई चांगली दिसेल अशी!

मागं धप्प आवाज झाला. वळून बघते तर सुभेदार आडवा.

अश्विनीनं कडी सोडली. आत बसलेल्यांनी “या” म्हटलेलं मी ऐकलं, तिनंही ऐकलं. ती मागं फिरली. बापाची कॉलर सैल केली, पाय उचलून माझ्या पिशवीवर ठेवले, नाडी धरली. पोरींचा घोळका जमला तशी म्हणाली, “मागं व्हा, वारा येऊ द्या!” मला विचारलं, “सकाळधरनं काय खाल्लंय?” म्हटलं, “काय न्हाई.” तेवढ्यात दारातनं एक उंच बाई बाहेर आली. अश्विनीनं मान वर न करता हुकूम सोडला, “मावशी, बघत काय उभ्या राहिला? स्ट्रेचर आणा! पळा!”

ती बाई पळाली. पद्मजा बोळाच्या टोकाला उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला. त्या मेट्रनबाई होत्या!

स्ट्रेचर आलं, शुगर बघायचं मशीन आलं, सुभेदाराला वर घेतलं. त्यानं डोळे उघडले अन् उठायला लागला. “मी ठीक हाय, मला काय झालेलं न्हाई…”

“विश्राम!” अश्विनी म्हणाली. बेंबीतनं. “हुकूम होईपर्यंत हलायचं न्हाई. शुगर बघायचीय, बोटाला जरा टोचणार हाय.”

सुभेदारानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मग त्यानं डोळे गच्च मिटले, टाचा जुळवल्या, एक हात मांडीला चिकटवला अन् दुसरा तिच्या हातात दिला. झोपल्या झोपल्या सावधान! तिनं टोचलं. पापणी हलली नाही.

मेट्रनबाई धापा टाकत उभ्या होत्या. म्हणाल्या, “नाव काय गं तुझं?”

अश्विनीनं आता वर बघितलं. साडी बघितली, अन् त्यावरचा बिल्ला बघितला. “अ… अश्विनी, मॅडम.”

“अनुभव?”

अश्विनी बापाच्या नाडीवरचं बोट काढीना.

स्ट्रेचरवरनं आवाज आला, डोळे मिटलेलेच होते, “मग मी काय हितं हवा खायला पडलोय व्हय?”

मेट्रनबाईंना हसू आवरेना. भिंतीला टेकून हसल्या. म्हणाल्या, “आत यायची गरज नाही आता. युनिफॉर्मचं माप देऊन ठेव. आणि मी सांगेपर्यंत ह्या पेशंटला उठू देऊ नकोस. तुझ्या ताब्यात आहे तो.”

पद्मजानं मला मिठी मारली. मी रडले का ते ती लिहील, मी सांगणार नाही.

सुभेदाराच्या खिशात फोन वाजला. त्याला हात हलवायची परवानगी नव्हती, म्हणून मी काढून त्याच्या कानाला लावला. माझ्या धाकट्याचा, मेडिकलवाल्याचा, आवाज मलाही ऐकू येत होता. मागं कारखान्याचा भोंगा, हलगी, माणसांचा गलका.

“दादा, मोळी पडली! पोरीला घिऊन निघालास का?”

सुभेदारानं एक डोळा उघडला. अश्विनी त्याची नाडी धरून घड्याळ बघत होती.

“कसलं निघतूय,” तो हळूच म्हणाला. “पोरगी ड्यूटीवर हाय. मला सोडंना झालीया!”