पाडलेल्या बुरुजाची खूण

अमेरिकेत हिल्सबरोला लेकीकडे राहत होतो, तेव्हा रोज सकाळी बागेत एक म्हातारा फ्रेंच गवंडी भेटायचा. तोही मुलाकडे आलेला. मी निवृत्त सिव्हिल इंजिनियर आहे हे कळल्यावर त्याने काठीने मातीत आपल्या खेड्यातली छोटी गढी काढून दाखवली. दोन मजले, उतरतं छप्पर आणि एकाच टोकाला गोल बुरूज.

“दुसरा बुरूज कुठाय?” मी विचारलं.

“राज्यक्रांतीत गावाने पाडला,” तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

त्या टोकाच्या भिंतीतून तुटके दगड दातांसारखे बाहेर आले होते. पाहुण्यांना ते बरं दिसत नाही, म्हणून गढीच्या नव्या मालकाने एकदा या गवंड्याला ते तासून वर गिलावा करायला सांगितलं. याने थापी खाली ठेवली आणि मालकाला सांगितलं,

“बांधला सरदाराने, पाडला आम्ही. गढीवर आमची एवढीच खूण आहे. ती मी पुसणार नाही.”

काम गेलं. दोन वर्षं त्याने मळ्यांत द्राक्षं तोडली. पण आसपासचा एकही गवंडी त्या भिंतीला हात लावेना, आणि मालकाला ती तशीच ठेवावी लागली.

“मी नोकरीत साहेबांना एकदाही असं ‘नाही’ म्हटलं नाही,” मी कबूल केलं.

“मग आता म्हणायला लाग,” तो म्हणाला.