रंग न सुधारणारा कॅमेरा

बाबांच्या गजालींवर आमच्या मिठबावात कुणी फारसा विश्वास ठेवत नसे, पण ऐकायला मात्र सगळे यायचे. तरुणपणी ते शेवंडं, म्हणजे मोठे समुद्री झिंगे, पकडायला खडकांत बुड्या मारत. एकदा सात-आठ वाव, म्हणजे चाळीसेक फूट, खाली कालवाच्या धारेने त्यांचा तळहात चिरला आणि रक्त आलं ते चक्क हिरवं. वर येता येता ते तांबडं झालं. "खाली रगत हिरवाच असता," असं म्हणून ते तळहातावरचा वण सगळ्यांना दाखवायचे. वण खरा होता, त्यामुळे लोक आणखीच हसायचे.

नात्यातल्या एका लग्नात, भरल्या मांडवात त्यांनी हीच गजाल काढली, तेव्हा आई वैतागून म्हणाली, "पुरे झाल्यो तुमच्यो थापा!" मांडव हसला. बाबाही हसले. मात्र त्यानंतर त्यांनी ती गजाल कधीच सांगितली नाही. पुढे बाबा गेले, आणि आईच्या मनात ते हसू राहून गेलं. "माका एकदा बघूचा आसा," ती म्हणायची, "खरा की खोटा."

माझा मामेभाऊ मालवणात पर्यटकांना समुद्राखाली नेतो आणि त्यांचं चित्रीकरणही करून देतो. मी त्याच्याकडून ते मागवलं आणि आईला मोबाइलवर दाखवलं. एक बाई लालभडक कपड्यांत पाण्याखाली हात हलवत होती. कपडे लाल, आजूबाजूचे मासे पिवळेधमक, सगळं साड्यांच्या दुकानासारखं झगझगीत. आईने मोबाइल माझ्या हातात परत दिला. "खाली तर तांबडा तांबडाच दिसता," ती म्हणाली आणि उठून भात उतरवायला गेली. मला माझाच राग आला. बाबा खोटारडे ठरले होते आणि पुरावा मी आणून दिला होता.

मी मामेभावाला फोनवर फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, "अगो, पाण्याखाली तांबडो रंग मरता. म्हणान आम्ही भिंगार तांबडी काच लावतो, वरसून बत्ती मारतो. हिरवाटलेला चित्र घेवन कोण पैसे देतलो?" त्याच्याकडचे कॅमेरे त्याच्या बोटमालकाचे, ते दिवसभर गिऱ्हाइकांत अडकलेले. मी ठरवलं, आपलाच घ्यायचा.

कोल्हापूरच्या दुकानात मी पाऊण दिवस काढला. दुकानदार एकेक कॅमेरा काढून त्याची कौतुकं सांगत होता. हा नुसता उथळ पाण्यात चालतो, याला डबा लावला की खोल जातो, हा हात हलला तरी चित्र हलू देत नाही. आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद, "रंग तर असे येतात मॅडम, की विचारू नका!"

"मला रंग सुधारणारा नको," मी म्हणाले. "जे आहे ते दाखवणारा हवा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी नासका आंबा निवडून मागितला. शेवटी हाताच्या मुठीत मावणारा एक कॅमेरा निघाला. त्यात पाण्याखालची रंगसुधारणा बंद ठेवता येत होती आणि जाड पारदर्शक डब्यात तो हवा तेवढा खोल जात होता. दुकानदार फुकट द्यायला निघालेली तांबडी काच मी परत केली.

घरी आल्यावर आईचा हट्ट, आधी आपल्या बावीत टाकून बघूया. आमच्याकडे नवी कळशी, नवी दोरी, नवा पंप, सगळ्याची परीक्षा विहिरीतच होते. तिने ट्रंकेतून बाबांचा डोक्याला बांधायचा तांबडा रुमाल काढला. कॅमेऱ्यासमोर हातभर अंतरावर तो दोरीला बांधला आणि दोन्ही खाली सोडले. वर काढून बघितलं तर रुमाल तांबडाच्या तांबडा. आईने रुमाल पिळून दोरीवर टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बावीक खंय गो तितकी खोली?" ती अजून त्यांची बाजू सोडत नव्हती.

दिवाळीनंतर पाणी निवळलं तसा मामेभाऊ एका सकाळी होडी घेऊन आला. किनाऱ्यावर आईने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं, "बा दर्या म्हाराजा, जा काय आसा ता तसाच दाखव, म्हाराजा!" मामेभाऊ गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मनगटाला तो रुमाल बांधून, दुसऱ्या हातात कॅमेरा घेऊन आणि बत्ती होडीतच ठेवून त्याने खडकांपाशी बुडी मारली. हवेची टाकी पाठीवर असल्यामुळे तो अगदी तळापर्यंत गेला.

दुपारी ओटीवर बसून आम्ही बघितलं. सगळं गढूळ हिरवं. मधेच त्याचा हात समोर आला आणि मनगटावर रुमाल. काळपट, शेवाळासारखा हिरवा. तांबड्याचा मागमूस नाही. मग तो हळूहळू वर येऊ लागला. रुमाल आधी तपकिरी झाला, मग विटकरी, आणि होडीचा तळ दिसू लागला तसा बाबांच्या डोक्यावर असायचा तसा तांबडा.

"खोटा नाय बोलले गो ते," आई म्हणाली आणि रडू लागली. मलाही आवरेना.

"वर येतल्याचा परत लाव," ती डोळे पुसत म्हणाली. मी लावलं. ती परत परत लावायला सांगत राहिली. फक्त वर येतानाचंच.

पुढच्या रविवारी तिने त्या लग्नातल्या सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं. मला वाटलं, आता कॅमेरा काढायला सांगेल. पण आई स्वतःच उंबऱ्यात बसली आणि बाबांसारखीच, तळहात पुढे धरून सांगू लागली, "आमचे हे सात-आठ वाव खाली गेले हुते..." रक्त हिरवं झालं तिथे सगळे नेहमीसारखे हसले. आईने त्यांना पोटभर हसू दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता लाव गो."