अनंताच्या गाडीची मागची बाजू

मनालीचं नाव फोनवर दिसलं तेव्हा मी चहा गाळत होतो. पहिल्यांदा मी तो उचललाच नाही. वाटलं, अनंतानं समेटासाठी मुलीला मध्ये घातलं असणार. करू दे जरा मिनतवारी. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. ती एवढंच म्हणाली, "काका, बाबा गेले… आत्ताच." त्याला सात आठवडे झाले. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका म्हणून सांगितलं, असेलही तसंच. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतोय. माझ्या बोलण्यानं तर नाही ना गेला?

अनंता लालबागचा डेंटर, गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. मी दादरचा, जन्मभर ड्रॉइंग बोर्डावर वाकलेला ड्राफ्ट्समन. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या स्कूटरचं मडगार्ड घेऊन त्याच्या शेडमध्ये गेलो आणि तिथल्या एका गाडीपाशी जो खिळलो तो खिळलोच. इटालियन, दोन दारांची, लांबच्या प्रवासासाठी बांधलेली ग्रँड टूरर. अख्ख्या मुंबईत तसली दुसरी आम्ही कधी पाहिली नाही. भिंत कोसळून तिची मागची बाजू पार चेपली होती. मालक परदेशी निघाले होते, ते ती अनंतालाच देऊन गेले. हाताशी फोटो दोनच, आणि दोन्ही समोरून काढलेले. मग काय, या पठ्ठ्यानं मागची बाजू आपल्या मनानं ठोकून बनवली होती.

लांबलचक बॉनेट, मागे सरकवलेलं केबिन, छपराची ती उतरती रेघ… इथपर्यंत आमचं एकमत. पण मागे अनंतानं ती रेघ एकदम तोडली होती, सुरीनं वडी कापावी तशी. मी म्हणायचो, रेघ हळूहळू उतरत संपली पाहिजे. तो म्हणायचा, संपायला कशाला हवी, उभ्या उभ्या पळतेय असं वाटलं पाहिजे. दर रविवारी सकाळी मी चालत लालबागला जायचो, तो चहा मागवायचा आणि आम्ही भांडायचो. "तुका काय कळता रे सुध्या? कागदावरचो माणूस तू," असं म्हणून तो माझा हात धरून त्या पत्र्यावर फिरवायचा. कुठे ठोक्याची खूण म्हणून लागायची नाही. मनातून मी गार व्हायचो, पण कबूल करीन तर शपथ!

मग यंदा माझ्या भाच्यानं इंटरनेटवरून अस्सल गाडीचा मागून काढलेला फोटो शोधून दिला. रेघ उतरत, संपत गेलेली. माझं खरं निघालं होतं! मी रंगीत प्रिंट काढली आणि रविवारी शेडमधल्या चार माणसांदेखत त्याच्या हातात ठेवली. म्हटलं, "बघ, इतकी वर्षं तू या गाडीची वाट लावून ठेवलीस." त्यानं चष्मा लावून फोटो पाहिला. "बरां," म्हणाला, आणि पाने-हातोड्या आवरायला लागला. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस… नुसतं "बरां". घरी येईपर्यंत माझी मलाच लाज वाटायला लागली. पुढचे दोन रविवार तिकडे फिरकायचं धाडस झालं नाही. आणि त्या दुसऱ्या रविवारनंतरच्या आठवड्यातच मनालीचा तो फोन आला.

गेल्या आठवड्यात तिनं पुन्हा फोन केला. शेडमध्ये येऊन जा, बाबांनी गाडीवर काहीतरी करून ठेवलंय, मला कळत नाही, म्हणाली. काय केलंय हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्यानं तो भाग कापून टाकला असणार, माझ्यामुळे, याबद्दल माझी खात्रीच झाली होती. अंगात कणकण आहे असं खोटं सांगून मी चार दिवस काढले. शेवटी बायको म्हणाली, अहो, जाऊन या एकदाचे, किती येरझाऱ्या घालाल. गेलो. मनालीनं ताडपत्री ओढली.

पत्रा शाबूत होता. फक्त त्यावर खडूची एक रेघ होती, मी म्हणायचो तशी उतरत गेलेली, आणि तिच्याखाली त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'सुध्याक विचारून'.

पत्रा कापण्याआधी बाबा दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घ्यायचेच, असं मनाली सांगत होती. ते दोन्ही रविवार तो दुपारपर्यंत इथेच बसून होता. जेवायला चला म्हटलं की म्हणायचा, "थांब, येतलो तो."

मग तिनं विचारलं, "काका, मग कापून घ्यायचं का?"

"नको गं," मी म्हटलं. "सुंदर केलंय त्यानं. मला पहिल्या दिवसापासून आवडत होतं."

ती रेघ पुसायला ओलं फडकं घेऊन आली, तेही मी नको म्हटलं. काल रविवार होता, जाऊन आलो. खडूचंच लिहिलेलं ते, हात लागला की जाईल. म्हणून लांबच उभा राहतो.