दाराकडे तोंड केलेले बूट

परवा आमच्याकडे पूजा होती. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि माझे म्हातारे वडील, अण्णा, खाली बसून एकेक जोड फिरवून ठेवत होते. टाचा घराकडे, अंगठे रस्त्याकडे. शेजारच्या काकू कळवळल्या, "अहो अण्णा, आमच्या चपलांना कशाला हात लावता?"

अण्णांनी हसून पुढचा जोड फिरवला.

दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांच्या फौजेतली त्यांची पलटण काही महिने हरलेल्या जपानात पहाऱ्याला होती. घरोघरी लपवलेली हत्यारं शोधायची, एवढंच काम. एका घरात ते बुटांसकट चटईवर चढले. त्या घरातली म्हातारी फडकं घेऊन मागोमाग पुसत आली. "आपल्या घरी असा शिरलो असतो, तर आईनं पाठीत लाटणं घातलं असतं," अण्णा अजून ओशाळून सांगतात.

त्याच घरी दुसऱ्या खेपेला त्यांनी बूट दारातच काढले. आत कोनाड्यात गणवेशातल्या पोराचा फोटो होता, पुढे नैवेद्यासारखी भाताची वाटी. बाहेर आले, तर म्हातारीनं बूट बाहेरच्या दिशेला वळवून ठेवलेले. अण्णांना वाटलं, चालते व्हा म्हणतेय. ती पाहुण्यासाठीची रीत आहे, हे त्यांना खूप उशिरा कळलं. हरलेल्या घरानं दिलेला तो मान त्यांना अजून पेलत नाही, असं मला वाटतं.

पूजा आटोपल्यावर पाहुण्यांचे पाय चपलांत अलगद सरकले. शेवटी एकच जोड उरला, घराकडे तोंड केलेला.

"अण्णा, हा वळवायचा राहिला."

"माझा आहे तो. मी घरी आलोय."