चौथ्या गल्लीतलं झाकण

नानांना कायमचं मुलाकडे न्यायला सूनबाई सकाळी साडेआठलाच दारात उभी राहिली. नानांनी दार उघडलं आणि तिला आत घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, "येतो म्हणालो होतो, पण ते फोनवर. फोनवर माणूस काहीही बोलतो."

सूनबाई असल्या बोलण्याला बधणारी नव्हती. ती बँकेत तक्रारी ऐकून घ्यायच्या खिडकीवर बसायची. रोज पन्नास माणसं तिच्यासमोर गळा काढत आणि थंड होऊन घरी जात. "बाबा, इथे उरलंय काय?" तिने विचारलं. "कारखाने बंद, अर्धी दुकानं बंद. आई गेल्यापासून तुम्ही एकटे. उद्या पडलात-बिडलात, तर आम्हाला कळायलाच दोन दिवस जातील."

हे खरं होतं, म्हणून नानांना जास्तच राग आला. "गाडी सहाची ना? तोवर माझ्याबरोबर शहर बघ. सहा वाजता म्हणालीस की इथे काही नाही, तर मुकाट्याने गाडीत बसतो."

"शब्द?"

"शब्द."

आता नाना शहर दाखवणार म्हणजे काय, हे त्या बिचारीला कुठून माहीत असणार! नाना बत्तीस वर्षं फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. रस्त्यातल्या गटारांची झाकणं, बागेतल्या बाकांचे पाय, पुलाचे कठडे, सगळं त्यांच्या हातचं. फाउंड्री बंद होऊन अकरा वर्षं झाली, तरी नाना रस्त्याने मान खाली घालून चालत. लोकांना वाटे, काय नम्र माणूस आहे. कसला नम्र! आपला माल तपासत चाललेला असायचा.

"या शहराची मजा घ्यायची तर पहिला नियम, खाली बघायचं," नाना चौकात थांबून म्हणाले. "हे बघ. नक्षी कशी उठलीय! चौसष्ट चौकोन, एक मेला वाकडा नाही."

"गटार आहे, बाबा."

"गटार खाली आहे. हे झाकण आहे."

अशी सतरा झाकणं झाली. मग साबणाच्या बंद कारखान्याची भिंत आली. नानांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून भिंतीवर ओतली आणि हाताने खसाखसा घासलं, तर विटांतून फेस आला! चाळीस वर्षं साबण प्यायलेली भिंत ती. नानांनी तिथेच हात धुतले आणि मोठ्या ऐटीत सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई सँडलवरचा फेस झटकत होती. पुढे कापडगिरणीच्या जुन्या हजेरीघरात एक न्हावी बसायचा. त्याने हजेरीचं यंत्र ठेवून घेतलं होतं. गिऱ्हाइकाने कार्ड पंच केल्याशिवाय नंबर लागत नसे. सूनबाईने नुसतं गंमत म्हणून कार्ड घातलं, तर न्हावी चष्म्यावरून बघत म्हणाला, "उशीर झालाय. अर्धा दिवस खाडा." तेव्हा मात्र तिला हसू फुटलं, पण तिने ते रुमालात दाबलं. नाना हिरमुसले.

साडेतीन वाजले. ऊन मी म्हणत होतं. "इकडून स्टँड जवळ पडतं ना?" म्हणत सूनबाई चौथ्या गल्लीकडे वळली, तसा नानांचा चेहरा उतरला.

"तिकडून नको. कुत्रं आहे."

"कुठंय?"

"असतं. मोठं आहे."

सूनबाई तोवर गल्लीत शिरलीसुद्धा. आठ-दहा पावलं गेली आणि तिचा पाय एका झाकणावर पडला. टण्ण! असा आवाज झाला की ती उडालीच. वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. तिथे एक शिवणकाम करणारी मावशी राहायची. गळ्यातली मोजपट्टी सावरत तिने सुरू केलं, "आत्ता जरा डोळा लागला होता! ज्या मेल्यानं हे झाकण केलंय ना, त्याला सात जन्म झोप लागणार नाही!"

चौतीस वर्षं ते या गल्लीला वळसा घालून जात आले होते, आजही खाली मान घालून निसटले असते. पण मावशी पुढे म्हणाली, "कुणीतरी शिकाऊ पोराच्या हातचं काम असणार."

"शिकाऊ?" नाना कडाडले. "बाई, नऊ वर्षं मुरलेला मोल्डर होतो मी!"

मग एकेक खिडकी उघडली. पिठाच्या गिरणीवाला पिठाच्या हातांनी धावत आला. निवृत्त पोस्टमन काठी टेकत आला. पाच मिनिटांत नानांना जिन्याच्या पायरीवर बसवून गल्लीने घेरलं.

"बोला," पोस्टमन म्हणाला. "गोणपाट घातलं, रबर घातलं, माझी चांगली चप्पल घातली. स्कूटर गेली की टण्ण. का?"

नानांनी घाम पुसला. "बीड थंड होताना आखडतं. म्हणून फाउंड्रीतली मापाची पट्टी खऱ्या पट्टीपेक्षा किंचित लांब असते. त्या दिवशी ती पट्टी सापडेना. मी खिशातल्या घरच्या टेपने माप घेतलं. झाकण आखडलं, मग हलणारच."

"पण एवढी घाई कसली होती?"

"दवाखान्यातून निरोप आला होता. मुलगा झाला म्हणून. काम पुरं केल्याशिवाय साहेब सोडेना, आणि मला बाळ कधी बघतो असं झालेलं."

सगळ्यांच्या माना सूनबाईकडे वळल्या.

"हो," ती म्हणाली. "तोच. माझा नवरा."

"असू दे. झालं ते झालं," मावशी खाली येत म्हणाली. "उद्या सकाळी या आणि झाकण नीट बसवून द्या."

"उद्या मी नाही. मला मुलाकडे नेताहेत. आज सहाची गाडी."

"वा रे वा! चौतीस वर्षं आमची झोप उडवली आणि आता पळून जाता? बाई, हा माणूस कुठेही जायचा नाही. आत्ता कुठे हाताला लागलाय!"

मग जो गलका झाला म्हणता! गिरणीवाल्याने चहा मागवला आणि चहाबरोबर नानांना आणखी चार शिव्या दिल्या. नानांचा चेहरा खुलला होता. कित्येक महिन्यांत इतकी माणसं त्यांच्याशी बोलली नव्हती.

सूनबाई त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. "बाबा, खरं सांगा. आमच्याकडे का नको वाटतं?"

नानांनी कप पायरीवर ठेवला. "मागे पंधरा दिवस राहिलो होतो ना? रोज फिरायला जायचो. तुमचे रस्ते फार चांगले आहेत, एक झाकण हलत नाही. पण पोरी, तिथे मला शिव्या द्यायलासुद्धा कुणी नाही गं."

सूनबाईने डोळे पुसले आणि मावशीला विचारलं, "हे रोज सकाळी इथे यायचे, असं ठरवलं, आणि एखाद्या दिवशी नाही आले, तर?"

"नाही आले तर? अर्ध्या तासात यांच्या दारात जाऊन ठणाणा करीन!"

सूनबाईने मावशीचा नंबर लिहून घेतला, आपला दिला आणि नवऱ्याला फोन लावला. "बाबा येत नाहीत... नाही, त्यांचा हट्ट नाही, इथले लोक सोडत नाहीत... दोन दिवस कसले? अर्ध्या तासात कळेल आपल्याला... आणि पुढच्या महिन्यात तू ये. सगळ्या गल्लीला तुला बघायचंय... का ते आल्यावर कळेल."

नानांना यातलं काही ऐकू गेलं नाही. ते भर रस्त्यात पालथे पडून झाकणाखाली बोटं घालत होते, आणि मावशी डोक्याशी उभी राहून त्यांना बीड कसं ओतावं ते शिकवत होती.