आडदिवशीची खंडेनवमी

मशीन शॉपमध्ये पोचलो तेव्हा एकही लेथ चालू नव्हता. लेथ म्हणजे लोखंड फिरवत कातायचं यंत्र. प्रत्येकावर हळदकुंकू, फूल, पुढ्यात विड्याच्या पानावर सुपारी. माणसं आपापल्या जागी हात जोडून उभी. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो आणि त्या दिवशी चालवत नाही, हे खरं. पण खंडेनवमी कधीच होऊन गेली होती!

"हे काय, धोंडिबा?" मी विचारलं. धोंडिबा निघोज गावचा, शॉपमधला सर्वांत जुना टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा.

"पूजा मांडलीया, साहेब. उत्तरपूजा व्हईस्तवर यंत्र हलवायचं न्हाई."

"आणि उत्तरपूजा कधी?"

"ते वरच्या साहेबास्नी इचारा. भत्ता कापनार म्हनं आमचा?"

मागून कुणीतरी म्हणालं, "परसाद घ्या राव, तुमचा न्हाई कापला!" सगळे हसले.

बातमी खरी होती. कामगारांच्या भत्त्याचा चौथा हिस्सा जाणार होता, साहेब लोकांचा काहीच नाही. नोटीस लागायच्या आधीच कॅन्टीनमधून ते फुटलं.

पिंपरीच्या त्या कारखान्यात मी लेबर ऑफिसर होतो, म्हणजे कंपनी आणि कामगार यांच्या मधला माणूस. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मुंबईहून हेड ऑफिसचा फोन आला, "संध्याकाळपर्यंत पुढाऱ्यांची नावं द्या. काढून टाकू." मी धोंडिबाचं नाव दिलं असतं, तर त्याची नोकरी गेली असती.

मी वर्क्स मॅनेजरांकडे गेलो. ते इंग्रज, तरुणपणी त्यांच्या आरमारात इंजिनिअर. पूजेचं ऐकून खुर्चीतून उठलेच.

"सलाम करतात?"

"नेहमीपेक्षा वाकून."

"मशिनं पुसलीत?"

"लख्ख."

"मग हे मी पाहिलंय."

ते सांगू लागले. एकोणीसशे एकतीस साली स्कॉटलंडमध्ये इन्व्हरगॉर्डनला त्यांचं आरमार नांगरून होतं. सरकारनं पगार कापले. साध्या खलाशांपैकी बऱ्याच जणांचा चौथा हिस्सा गेला, अधिकाऱ्यांचा त्याहून पुष्कळ कमी. खलाशांना ते वर्तमानपत्रातून कळलं. समुद्रात निघायचा हुकूम आला तर ते नांगर उचलू देईनात. एका जहाजावर जयघोष उठे, दुसरं उत्तर देई. बाकी डेक धुणं, सलाम ठोकणं, सगळं रीतसर.

कॉलेजात मी इतिहासच घेतला होता. पण हे बंड कुणी शिकवलं नव्हतं. मला राहवेना.

"मग पुढारी सापडले?"

"सरकारनं कपात कमी केली. शिक्षा नाही म्हणाले. नंतर गुपचूप शेकडो जणांना घरी पाठवलं."

"आणि उरलेले?"

"ते आमच्याशी बोलेनात. बॉयलर गळतोय हेही कुणी सांगेना."

एवढं बोलून त्यांनी फोन उचलला. हेड ऑफिसशी बराच वेळ भांडले. मग बूट दाराशी काढून शॉपमध्ये गेले आणि मला म्हणाले, "मी बोलतो, तुम्ही मराठीत सांगा." कपात होणार, पण दहावा हिस्सा, आणि मॅनेजरपासून हमालापर्यंत सगळ्यांची. मुंबईला नाव कुणाचंही जाणार नाही.

कामगार त्यांच्या तोंडावर भांडले. मोठमोठ्यानं भांडले. धोंडिबा तर टेबलावर चढायचा बाकी होता. शेवटी त्यानंच अक्षता टाकून सुपारी हलवली आणि मोठ्यानं म्हणाला, "पुनरागमनाय च!" म्हणजे, पुन्हा यावं.

साहेबांनी अर्थ विचारला. मी सांगितला. "धमकी आहे का?" ते म्हणाले.

"रीत आहे," मी म्हणालो.

लेथ सुरू झाले. कुणाची नोकरी गेली नाही. माझाही भत्ता कापला गेला. लेबर ऑफिसर म्हणून मी तेव्हा एक शिकलो. वाईट बातमी स्वतः जाऊन सांगावी. माणसं भांडतात, पण बोलत राहतात.