किनारीतलं नाव

कोऱ्या टॉवेलचा खळीचा वास आला की चर्चमधली ती संध्याकाळ आठवते. टॉवेलचा कारखाना मी एकट्याने उभा केला होता, तरी चर्चच्या मंडळीने मला कारभार पाहणाऱ्या पंचांत निवडलं नव्हतं, आणि तो राग आत धुमसत होता. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमचे पाळक, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे, बारा जणांचे पाय धुतात. त्यासाठी मी बारा टॉवेल फुकट दिले, पण किनारीत माझं नाव ठळक विणून. पंचांनी ते वाचावं म्हणून. पाय धुऊन झाल्यावर त्या बारा जणांतल्या, विड्या वळणाऱ्या एका म्हातारीने टॉवेल हातात घेतला आणि ती थांबलीच. भेगाळलेल्या टाचांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. "पुसा की, आजी!" मी बाकावरूनच खेकसलो. "तुमचं नाव हाय की ह्याच्यावर," ती म्हणाली. "नावाला पाय कसं लावू?" सगळं चर्च माझ्याकडे बघू लागलं. मी पुढे गेलो, गुडघे टेकले आणि त्या नावानेच तिचे पाय पुसले. "लई दाबू नका, दुकतंय," ती म्हणाली. पंचांवरचा राग आजही गेलेला नाही. पण तिथे खाली बसताना त्या रागाच्या आधी देव आठवला होता.